बहारीनच्या किनाऱ्यावरून दिसलेला इराण

मी इराणला गेलेले नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण बहारीनहून परतल्यापासून मी इराणबद्दल इतकं बोलते आहे की आमच्या शाळेतल्या एका सरांनी एकदा गंभीरपणे विचारलं, "बाई, तिकडे लढाई चालू असताना तुम्हांला व्हिसा दिला कोणी?" कोणी दिला नाही आणि मी मागितलाही नाही. मी पाहिला तो समुद्राचा अलीकडचा काठ. पलीकडचा देश मला दोन माणसांनी दाखवला. एकाने हॉटेलातल्या कॉफीच्या टेबलाशी बसून, आणि दुसऱ्याने इस्पितळातल्या खाटेवरून.

गेले होते धाकट्या भावाकडे, बस्त्यावकडे. एकोणीसशे सत्त्याऐंशीची दिवाळीची सुट्टी आणि तिला जोडलेली रजा. वसईतून तो निघाला तेव्हा नुकती मिशी फुटलेला पोरगा होता. आता मनामातल्या एका मोठ्या हॉटेलात रिसेप्शनवर कोट घालून उभा राहतो. त्याची बायको मार्था तिथल्या सरकारी इस्पितळात नर्स. लढाई थांबेपर्यंत हे लिहायचं नाही असं मी एका माणसाला कबूल केलं होतं. ती आता थांबली आहे.

सनद

बस्त्यावचं बिऱ्हाड सनदला, मनामाच्या दक्षिणेला. गाव म्हणावं तर नवी घरं उठलेली, शहर म्हणावं तर घरांच्या मधोमध खजुराची झाडं आणि त्यांच्या सावलीला बांधलेली शेळी. ऑक्टोबर संपत आला होता, तरी दुपारी अंगणातली फरशी पायाला चटका देई. मी सुकेळी नेली होती, घरच्या राजेळी केळ्यांची. मार्थाने पुडी उघडून आधी नुसता वास घेतला. भाची शेरल दहा वर्षांची. मी मराठीत विचारायचं, तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं. "केळं आवडलं का ग?" "इट्स लाइक टॉफी, आँटी." समजतं सगळं, पण जिभेवर येत नाही.

पहिल्याच संध्याकाळी समुद्र पाहायला गेलो. आमच्या वसईचा समुद्र लांबूनच आपण असल्याचं सांगतो. हा ताटात वाढलेल्या पाण्यासारखा गप्प. ओहोटीला तर तो इतका मागे सरला की समुद्र पाहायला आलोय की खाजणाचा चिखल, कळेना. दूर मआमीरच्या बाजूला कारखान्यांचा धूर सरळ वर जात होता.

"या पाण्यात लढाई चालू आहे?" मी विचारलं. इराण-इराकची लढाई सुरू होती, आणि वर्तमानपत्रात तर रोज जहाजं पेटत होती.

"बाय, लढाई इथून दिसत नाही," बस्त्याव म्हणाला. "पण आमच्या रिसेप्शनवर दिसते. एक जहाज पेटलं की दुसऱ्या दिवशी खोल्या फुल्ल. सगळे पत्रकार. इराणचा व्हिसा मिळत नाही, मग इथे बसून इराणवर लिहितात."

मनामा

बस्त्यावची ड्यूटी संपेपर्यंत मी हॉटेलच्या कॉफीशॉपात क्रोशाचं विणकाम घेऊन बसायची. तिथे कोपऱ्यातल्या टेबलाभोवती दुपारी पाच-सहा गोरे पत्रकार जमत आणि मधे एक किडकिडीत, पांढऱ्या केसांचा, कोपरावर झिजलेला कोट घातलेला माणूस बोलत असे. वेटर त्याला 'उस्ताद' म्हणत. आपल्याकडे उस्ताद म्हटलं की गवई तरी किंवा लबाड तरी. तिकडे तो प्राध्यापकाला लावायचा मानाचा शब्द.

बस्त्यावकडून त्यांची हकीकत कळली. हे इराणातल्या एका विद्यापीठात समाजशास्त्र शिकवत. क्रांतीनंतर विद्यापीठं काही काळ बंद झाली, तेव्हा बहारीनमध्ये दिलेल्या बहिणीकडे आले ते इथेच राहिले. तिच्या सासरची मंडळी पिढ्यान्‌पिढ्या बहारीनमधली, पण मूळची इराणी. बाजारात त्यांची रोटीची भट्टी होती. उस्ताद सकाळी मुलांना इंग्रजी शिकवत आणि दुपारी पत्रकारांना इराण. पत्रकारांकडून काही घेत नसत, स्वतःच्या कॉफीचं बिलही स्वतः देत. अट एकच होती : नाव छापायचं नाही, फोटो काढायचा नाही. आई अजून शिराझला होती.

एकदा ते सांगत होते की इराणी माणसाचा दिवस तीन जागी जातो, आणि बोटांवर मोजत म्हणाले, "खाना, बाजार, दफ्तर." म्हणजे घर, बाजार, कचेरी. मला हसू आलं. त्यांनी वळून पाहिलं.

"खानूम, काही चुकलं का माझं?" खानूम म्हणजे बाई.

"नाही, हे सगळे आमचेच शब्द आहेत," मी म्हटलं. "बाजार आहे, दप्तर आहे. खाना एकटा नाही, पण दवाखाना, कारखाना आहे. दरवाजा, कागद, जमीन, सरकार, दर्या..."

त्यांनी खुर्ची ओढून मला टेबलाशी बसवलं. "बघा," ते पत्रकारांना म्हणाले, "या बाईंकडे माझा अर्धा शब्दकोश आहे. तरी माझा देश यांना ठाऊक नाही. तुमच्याकडे तर तेवढाही नाही. म्हणून जरा हळू लिहा." सगळे हसले. त्या दिवसापासून माझी खुर्ची त्या टेबलाशी ठरली.

त्यांच्यात पीटर नावाचा टीव्हीचा पत्रकार होता, पन्नाशीचा, उन्हाने लाल झालेला. माणूस वाईट नव्हता, पण घाईतला होता. त्याचा रोजचा प्रश्न ठरलेला. "उस्ताद, एका वाक्यात सांगा. लोक सरकारच्या बाजूने आहेत की विरुद्ध?"

एकदा उस्तादांनी साखरेचे खडे मांडले. "ही माझी आई. पाचही वेळा नमाज पढते आणि शेजाऱ्याचा रेडिओ लागला की भाषण करणाऱ्याला शिव्या देते. हा माझा मोठा भाऊ. क्रांतीसाठी दुकान बंद ठेवून रस्त्यावर उतरला, अजूनही ती आपलीच मानतो. ही त्याची मुलगी. बापाशी बोलत नाही, पण बापाबद्दल बाहेरच्याने काही बोललेलं तिला खपत नाही. आणि हा तिचा भाऊ. आपणहून आघाडीवर गेला. तो रजेवर आला की ही सगळी एकाच सफऱ्याभोवती, जमिनीवर अंथरलेल्या कापडाभोवती, जेवायला बसतात. सांगा, यातला तुमचा 'इराणी माणूस' कोणता?"

"बहुमत कोणाचं?" पीटरने विचारलं.

"भात कोणी केलाय त्यावर आहे," उस्ताद म्हणाले आणि एक खडा उचलून चहात टाकला.

गर्दीचे फोटो पाहून गर्दीच्या मनातलं लिहू नका, असं ते सांगत. आणि कोणाबद्दल लिहाल त्याला आधी विचारा. तो 'नाही' म्हणाला तर ते 'नाही' कोणत्या जातीचं आहे ते ओळखायला शिका, कारण आमच्यात पहिलं 'नाही' हे खरं 'नाही' नसतं. याला ते 'तआरुफ' म्हणत. हा धडा पीटरला भलताच महाग पडला. बाजारात इराणी सुकामेव्याच्या दुकानात त्याने पिस्त्यांची पिशवी उचलून भाव विचारला. दुकानदार रिवाजाप्रमाणे म्हणाला, "तुमच्यापुढे हिची काय किंमत!" पीटरने त्याचा हात हातात घेऊन मनापासून आभार मानले आणि पिशवी घेऊन चालता झाला. दुकानदार मागे धावणार कसा? तो गेला उस्तादांच्या बहिणीकडे रडगाणं घेऊन. दुसऱ्या दिवशी पीटर लालबुंद चेहऱ्याने पैसे द्यायला गेला, आणि दुकानदाराने ते पुन्हा दोनदा नाकारले. तिसऱ्यांदा घेतले. बाहेर येऊन पीटर म्हणाला, "खलास! आता कोणी फुकट काही दिलं तर मी पळत सुटणार."

मला यात परकं काही वाटलं नाही. आमच्याकडेही पाहुणा "पोट भरलंय" म्हणाला म्हणून वाढायचं थांबवलं तर तो घरी जाऊन आपली कीर्ती गातो.

मी उस्तादांना सांगितलं, मुंबईला इराणी म्हणजे कोपऱ्यावरचं चहाचं दुकान. ते मनमुराद हसले. "छान! निदान एका शहरात आमचं नाव घेतलं की लोकांना भूक लागते."

इस्पितळ

एका संध्याकाळी मार्था घरी आली ती बूट न काढताच पलंगावर बसली. "बाय, आमच्या वॉर्डात एक इराणी म्हातारा आणलाय. मासेमारीची लाँच फुटली त्यांची. सुरुंग होता की गोळा, कोणाला माहीत नाही. तिघांना एका जहाजाने उचललं. म्हातारा जेवत नाही. अरबीत विचारलं तर नुसता बघतो. उशाला पाण्याचा ग्लास ठेवला की तोंड फिरवतो."

मी ते उस्तादांच्या कानावर घातलं. मार्थाने डॉक्टरांची परवानगी काढली आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गेलो. दाराशी पोलिस होता. त्याने उस्तादांचं ओळखपत्र उलटंपालटं करून पाहिलं आणि आत सोडलं.

आमच्याकडे होडीच्या मुख्याला तांडेल म्हणतात. खाटेवर पडलेला माणूस दुसरा कोणी असणं शक्यच नव्हतं. पायाच्या बोटांमध्ये फट, तळवे दोरखंडाने घासून चामड्यासारखे झालेले, डोळ्यांभोवती उन्हात बारीक करून करून पडलेल्या सुरकुत्या. मला वाटलं, उस्ताद विचारतील काय झालं, कसं झालं. त्यांनी यातलं एकही अक्षर काढलं नाही. स्टुलावर बसून ते माशांबद्दल बोलू लागले, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. या दिवसांत तुमच्याकडे काय मिळतं? जाळं कुठल्या धाग्याचं? म्हातारा आधी गप्प. मग एक शब्द. मग उस्तादांनी मुद्दाम काहीतरी चुकीचं सांगितलं असावं, कारण म्हाताऱ्याने हात हलवून त्यांना दुरुस्त केलं. बराच वेळ हे चाललं. मी डब्यातून भात आणि माशाचं कालवण आणलं होतं, मार्थाच्या सांगण्यावरून तिखट कमी घातलेलं. त्याने उठून बसून ते खाल्लं. पाणी मात्र डोळे मिटून प्याला.

बाहेर आल्यावर उस्ताद म्हणाले, "मुलगा बरोबर होता. सापडला नाही."

पीटरला हे कळायला वेळ लागला नाही. शहरात इतक्या पत्रकारांना थेट इराणातून आलेला एक माणूस समोर बसून बोलायला मिळत नव्हता, आणि इथे एक खाटेवर होता. त्याने कुठून तरी सरकारी परवानगी आणली आणि उस्तादांना दुभाषा म्हणून यायची विनंती केली. उस्तादांनी म्हाताऱ्याला विचारलं, "बोलायचंय का?" तो हो म्हणाला. मार्थाने त्याला कंगवा दिला, त्याने दाढी नीट केली.

कॅमेरा सुरू झाला. मी मार्थाशेजारी भिंतीला टेकून उभी होते. सुरुवातीला म्हातारा पाठ केल्यासारखं सपाट बोलत होता. मग आवाज चढला. छातीवर मूठ आपटत तो बोलतच गेला, उस्तादांना मधे थांबवायला जागाच ठेवली नाही. त्या प्रवाहातून माझ्या ओळखीचे शब्द वर येत आणि बुडत. दर्या. जंग. जवान. पुन्हा जंग. मग खाना, आणि एक बोट वर करून, जवान. जंग म्हणजे लढाई, हे कळायला मला दुभाषा नको होता. घरात एक तरणा मुलगा आहे, एवढंही मला कळलं. आणि उस्तादांचा चेहरा पांढरा पडत चाललेला दिसला.

म्हातारा थांबला. पीटरने उस्तादांकडे पाहिलं.

"त्याचा मुलगा समुद्रात गेला," उस्ताद इंग्रजीत म्हणाले. "मारा कोणी केला ते त्याला माहीत नाही. त्याच्यासाठी प्रार्थना करा, म्हणतो."

वॉर्डाबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये पीटरने त्यांना गाठलं. "उस्ताद, तो इतका वेळ बोलला आणि तुम्ही तीन वाक्यं सांगितलीत."

"हो."

"बाकीचं?"

"बाकीचं मी सांगणार नाही. तो नुसता रडत होता, असंही मी म्हणू शकलो असतो. पण तुमच्याशी खोटं बोलायचं नाही मला."

पीटरचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "इतके दिवस तुम्ही आम्हांला सांगताय की आम्ही तुमच्या माणसांचं ऐकत नाही. आज एक माणूस बोलला, तर तुम्हीच त्याच्या तोंडावर हात ठेवलात. टेप माझ्याकडे आहे. आमच्या ऑफिसात फारसी येणारं कोणीतरी मिळेलच."

उस्ताद जिना उतरले. पीटर माझ्याकडे वळला.

"मॅडम, तुम्ही मान हलवत होता. तुम्हांला काय कळलं?"

शाळेत मी मुलांना सांगते, विचारलं तर स्पष्ट उत्तर द्यावं. इथे स्पष्ट उत्तर माझ्या तोंडात होतं आणि ते कोणाच्या तरी घरावर जाऊन पडणार होतं, कोणाच्या ते मला नीट ठाऊकही नव्हतं.

"दर्या कळला," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"समुद्र. आमच्या भाषेतही तोच शब्द आहे."

त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, त्याला कळलं की मी सांगत नाही. तो "थँक यू" म्हणून निघून गेला.

उस्तादांच्या बहिणीकडे

पुढचा शुक्रवार, म्हणजे तिकडची सुट्टी. उस्तादांनी पीटरला आणि मला बहिणीकडे जेवायला बोलावलं. हॉटेलच्या गाडीने आम्हांला ड्रायव्हर सावंत घेऊन गेले. हे देवगडचे, बहारीनमधला प्रत्येक बोळ त्यांना पाठ. "बाई, पोटात जागा ठेवून चला," ते वाटेत म्हणाले, "इराणी लोक नाय म्हटल्यावरच वाढूक लागतत."

खरंच तसं झालं. जमिनीवर सफरा अंथरलेला, त्यावर भट्टीतून आलेली लांबच लांब गरम रोटी, कोवळा पाला, दही, केशर घातलेला भात, आणि त्या भाताची तळाची सोनेरी खरपूस खापरी वेगळ्या ताटात. आमच्याकडे करपलेला भात सुनेच्या नावाने जमा होतो. इथे तो पाहुण्याला मानाने देतात.

थोडं जेवण झाल्यावर उस्तादांनी बहिणीला डोळ्याने खूण केली. ती आत गेली.

"पीटर," ते म्हणाले, "दोन दिवस विचार केला. अर्धं माहीत असलेला माणूस सगळ्यांत धोक्याचा. म्हणून तुम्हांला सगळं सांगतो. तो म्हातारा त्या मुलाला मासे धरायला नेत नव्हता. लपवायला नेत होता. थोरला आघाडीवरून परत आला नाही. मधल्याला बोलावणं येणार म्हणून बापाने त्याला दर्यावर ठेवला, बंदराला लावायचंच नाही. तो असा गेला. आता धाकटा राहिलाय. तोही घरी लपलेला आहे, धान्याच्या कोठीमागे. म्हातारा म्हणाला, तो मी कोणाला देणार नाही. आणि ज्यांनी ही लढाई लांबवली त्यांना त्याने शाप दिले, नावं घेऊन. पुढच्या आठवड्यात त्याला परत पाठवणार आहेत. त्याच गावात."

पीटरचा हात ताटात तसाच राहिला.

"आता तुम्हांला माझ्याइतकंच माहीत आहे," उस्ताद म्हणाले. "इराण समजून घ्यायचा होता ना? हा एवढा समजला. पुढे काय करायचं ते तुम्ही ठरवा. मी काही मागत नाही."

"टेप काल दुपारच्या विमानाने गेली," पीटर म्हणाला.

आतल्या खोलीत भांडं ठेवल्याचा आवाज झाला.  पीटर उठला. दारात बहीण खिरीचा वाडगा घेऊन उभी होती, तिच्यापुढे त्याने हात जोडले, अगदी आपल्यासारखे, आणि पायात बूट कसेबसे अडकवून धावला. मीही त्याच्या मागे. "सावंत, यल्ला!" त्याचा हा अरबीतला 'चला'चा ओरडा ऐकून सावंतांनी गाडी अशी काढली की खजुराच्या गाड्याला घासता घासता वाचली.

बस्त्याव ड्यूटीवर होता. त्याने परदेशी कॉल जोडायचा प्रयत्न सुरू केला. एकदा लागला आणि कापला गेला. दुसऱ्यांदा लागला तेव्हा पीटरचा आवाज बूथच्या काचेतून सगळ्या लॉबीला ऐकू येत होता. "आवाज काढून टाका! चित्र ठेवा, आवाज नको! नाही, कारण सांगता येत नाही. नाही, तुम्हांलाही नाही!" पलीकडचा माणूस काहीतरी बोलला असावा, कारण पीटर बराच वेळ ऐकत राहिला आणि शेवटी हळू म्हणाला, "मग मला काढून टाका. पण आधी आवाज काढा."

बाहेर येऊन तो माझ्या शेजारी बसला. माझ्या हातातलं विणकाम बघत म्हणाला, "तुम्हांला तेव्हाच कळलं होतं ना?"

"थोडं," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. राग नव्हता. दुसऱ्या दिवशी टेलेक्स आला. म्हाताऱ्याचा चेहरा दाखवला होता आणि त्यावर निवेदक बोलला होता. मूळ आवाज कोणी ऐकला नाही. पीटरची नोकरी राहिली. बस्त्याव म्हणाला की त्याच्या ऑफिसने त्याला अख्खा आठवडा फोन केला नाही. त्यानंतर तो टेबलाशी यायचा, पण 'एका वाक्यात सांगा' मात्र म्हणायचा नाही.

मीना सलमान

तिघा खलाशांना परत नेणारी लाँच मीना सलमान बंदरातून सुटणार होती. दुभाषा हवा म्हणून अधिकाऱ्यांनी उस्तादांना बोलावलं, आणि मार्थाने इस्पितळातल्या बायकांकडून गोळा केलेले कपडे पोचवायला मला पाठवलं. गोदामांच्या रांगा, वेल्डिंगच्या ठिणग्या, डिझेलचा वास. एका वर्कशॉपच्या सावलीत आम्हांला थांबवलं. तिथला फोरमन कोकणातला निघाला, त्याने लाकडी खोकी पुसून बसायला दिली.

म्हातारा माझ्या भावाचा जुना कोट घालून बसला होता. कागदपत्रं चालू होती. उस्ताद त्याच्यासमोर उकिडवे बसले आणि सावकाश बोलू लागले. मी कपड्यांची गाठ पुन्हा बांधत होते. म्हाताऱ्याचा आवाज धारदार झाला तशी मी वर पाहिलं.

काय बोलणं झालं ते उस्तादांनी मला तिथेच सांगितलं, वाक्य न् वाक्य, स्वतःला न वाचवता. त्यांनी म्हाताऱ्याला सांगितलं होतं, "बाबा, त्या दिवशी तुम्ही बोललात ते मी पुढे जाऊ दिलं नाही."

"का?"

"धाकट्यासाठी."

"मी काय बोलतोय ते मला कळत नव्हतं, असं वाटलं तुला?"

"तुम्ही दुःखात होता."

"दुःखात होतो, येडा नव्हतो. आयुष्य दर्यावर गेलं माझं. वारा कुठून येतो ते कळतं, कॅमेरा काय असतो ते कळणार नाही? दोन मुलं गेली. कोणीतरी ऐकावं म्हणून बोललो. आणि तू शिकलेला माणूस, माझ्या शेजारी बसून माझंच बोलणं गिळलंस."

 म्हाताऱ्याने लाँचकडे पाहिलं. तिच्यावर पिंप चढवत होते.

"विचारलं असतंस," तो म्हणाला, "तर मीच नको म्हटलं असतं. रात्रभर पडून तोच विचार केला, आणि मलाच भीती वाटली. पण विचारायचं होतंस."

हे सगळं उस्तादांनी मला इंग्रजीत सांगितलं. "खानूम," ते म्हणाले, "मी या लोकांना रोज शिकवतो, आमच्याबद्दल लिहायच्या आधी आम्हांला विचारा."

 त्यांनी त्या घरातला एक मुलगा वाचवला असेल. आणि तरी म्हाताऱ्याचं म्हणणं खरं होतं. दोन्ही गोष्टी त्या खोक्यांच्या सावलीत शेजारी शेजारी बसल्या होत्या आणि एकीने दुसरीला हलवता येत नव्हतं.

मग मला माझंच सुचलं. मी सुट्टीवर आले होते, पण लिहायची खोड मला आहे आणि घरी गेल्यावर मी हे लिहिणार हे मला ठाऊक होतं. मी उस्तादांना म्हटलं, "माझ्यासाठी त्यांना विचारा. मी लिहू का?"

म्हाताऱ्याने मला प्रथमच नीट पाहिलं. "कुठल्या भाषेत?"

"मराठीत. समुद्राच्या पलीकडे, हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर बोलतात."

"तिथे मासे मारणारे आहेत?"

"आमच्या गावात निम्मे तेच."

त्याने विचार केला. अधिकारी नावं पुकारू लागला होता. उठता उठता तो बोलला आणि उस्तादांनी बरोबरीने, एक शब्द मागे न राहता, मला सांगितलं : "लढाई संपल्यावर लिही. माझं नाव नको. गावाचं नको. मुलाचं लिही. तो आता कोणाच्या हाताला लागत नाही."

लाँच निघाली. म्हातारा मागे वळला नाही. तांडेल माणूस, त्याची नजर पुढे. धाकट्याचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. उस्तादांनाही कळलेलं नाही, असं बस्त्याव यंदा रजेवर आला तेव्हा म्हणाला.

या लेखात मी सगळ्यांची नावं बदलली आहेत, माझ्या भावाचंसुद्धा. एक बदललेलं नाही. दर्यात गेलेल्या त्या मुलाचं नाव मुराद. आणि लाँचच्या फळीवर एक पाय ठेवून त्याच्या बापाने आणखी एक वाक्य सांगितलं होतं, हे गाळू नको असं उस्तादांना दोनदा बजावून. तो फार छान पोहायचा.